‘ययाति’ : समृद्धीतील मध्यवय आणि पुढच्या पिढीचे तारुण्य

१

मराठी कादंबरीच्या चर्चेत एक विधान अधूनमधून ऐकू येते. शहराच्या कडेला स्वतःचे घर, स्थिर उत्पन्न, संसार आणि प्रतिष्ठा लाभलेल्या मध्यवयीन माणसाचा असंतोष हा पाश्चात्त्य कादंबरीचा, विशेषतः अमेरिकन कादंबरीचा, खास विषय होय. मराठीत त्याला समांतर परंपरा नाही. या विधानाच्या पुष्ट्यर्थ असे सांगितले जाते की, आपल्याकडे समृद्धीच उशिरा आली. तेव्हा समृद्धीचा उबग साहित्यात कोठून यावा? युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु तो विषयापेक्षा वेशभूषेकडे अधिक पाहतो. बंगला, मोटार, क्लब ही सामग्री जेथे नाही तेथे तो विषयही नाही, असे तो गृहीत धरतो. वस्तुतः सर्व काही मिळाल्यानंतर माणूस अस्वस्थ का राहतो, हा प्रश्न मराठी कादंबरीने फार गांभीर्याने विचारला आहे. मात्र तो तिने पुराणकथेच्या वेषात विचारला. वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’ (१९५९) ही ती कादंबरी होय.

११ जानेवारी १८९८ रोजी सांगलीत जन्मलेल्या आणि १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्यास शिक्षक म्हणून राहिलेल्या खांडेकरांनी ही कादंबरी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी प्रसिद्ध केली. तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराने खांडेकरांचा गौरव झाला, तेव्हाही हीच कृती प्रामुख्याने लोकांच्या डोळ्यांपुढे होती. तिच्याविषयी विपुल लिहिले गेले आहे. प्रस्तुत निबंधात तिच्या सर्वांगीण परामर्शाचा हेतू नाही. समृद्धीतील मध्यवयीन असंतोषाची कादंबरी म्हणून ती वाचली असता काय हाती लागते, आणि वडूजसारख्या अवर्षणप्रवण भागातील वर्गात ती शिकविताना कोणता प्रश्न उभा राहतो, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

२

लेखकाने कादंबरीसोबत जे निवेदन केले आहे, त्यात ययातीच्या कथेचा संबंध त्याने समकालीन माणसाशी स्पष्टपणे जोडला आहे. स्वातंत्र्योत्तर काळात भौतिक सुखाची साधने वाढत गेली आणि त्या प्रमाणात संयमाची मूल्ये ढासळत गेली; उपभोगाने न शमणारी वासना हेच या युगाचे दुखणे आहे, अशी त्या विवेचनाची दिशा आहे. पुढील काळात अध्यापनात आणि परीक्षोपयोगी लेखनात हेच सूत्र रूढ झाले. ययाति म्हणजे भोग, कच म्हणजे संयम, यति म्हणजे विकृत वैराग्य अशी समीकरणे विद्यार्थी पाठ करतात. ही समीकरणे चुकीची नाहीत. परंतु कादंबरीचा अनुभव त्यांत मावत नाही.

नहुषाच्या मृत्यूचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचावा. पराक्रमी म्हणून गाजलेला बाप मृत्युशय्येवर जगण्यासाठी केविलवाणा होतो आणि तरुण ययाति ते पाहतो. त्याला मुकुलिकेच्या बाहूंत लोटते ती केवळ वासना नव्हे, ही भीती होय. यापुढे ययातीच्या आयुष्यातील प्रत्येक सुख हे काहीतरी विसरण्यासाठी घेतलेले सुख आहे. वासना तृप्त होत नाही म्हणून तो अस्वस्थ राहतो, असे म्हणण्यापेक्षा अस्वस्थता झाकण्यासाठी तो वासनेचा आश्रय घेतो, असे म्हणणे कादंबरीतील तपशिलांशी अधिक जुळते. मृत्यूचे भान तारुण्यात क्वचित येते आणि मध्यवयात ते रोजचे होते. ययातीला ते अकाली आले. म्हणून तो तरुणपणीच आतून मध्यवयीन झाला, असेही म्हणता येईल.

त्याच्या समृद्धीचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. हस्तिनापूरचे राज्य त्याला वारशाने मिळाले. देवयानीशी विवाह प्रसंगवशात घडला. त्यात त्याच्या निवडीपेक्षा तिच्या महत्त्वाकांक्षेचा भाग मोठा होता. मनापासून हवीशी वाटलेली अलका मात्र त्याला लाभली नाही. राजमातेच्या निर्णयाने तिला विष देण्यात आले आणि ययातीजवळ तिची खूण म्हणून उरला तो एक सोनेरी केस. हा केस कादंबरीतील नाजूक अलंकरण म्हणून वाचला जातो. वास्तविक तो पुराव्यासारखा आहे. वडीलधाऱ्यांच्या पिढीने राज्याच्या आणि कुळाच्या हितासाठी या मुलाच्या तारुण्यातील एक खरी गोष्ट काढून घेतली, त्याचा हा पुरावा. पुढे ययाति आपल्या मुलाकडून जे मागतो, त्याच्याशी या प्रसंगाचा संबंध सहसा लावला जात नाही. तो लावल्यावाचून कादंबरीचा अर्थ अपुरा राहतो, असे मला वाटते.

३

ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांची प्रथमपुरुषी निवेदने हे ‘ययाति’चे रचनावैशिष्ट्य सर्वपरिचित आहे. या रचनेचा लाभ मात्र ‘तीन दृष्टिकोन मिळतात’ एवढ्यावर थांबवला जातो. तिन्ही निवेदने एकापुढे एक येतात तेव्हा जाणवते ते हे की, या घरातील कोणीही दुसऱ्याचे बोलणे ऐकत नाही. वाचकाला जे कळते ते पात्रांना एकमेकांविषयी कळत नाही. देवयानीला मद्याचा तिटकारा का आहे, याच्या मुळाशी तिच्या पित्याची मद्यापायी झालेली हानी आहे. ययातीच्या लेखी तो केवळ राणीचा ताठा ठरतो. उलट ययातीचे मृत्युभय देवयानीच्या लेखी कधी येतच नाही. तिला दिसतो तो फक्त दुबळा, विलासी पती. भरल्या घरात माणसे एकेकटी असणे हे सुस्थित मध्यमवर्गीय संसाराचे लक्षण आधुनिक कादंबरीने पुढे नाना परींनी रंगविले. खांडेकरांनी ते वर्णनाने न सांगता निवेदनपद्धतीने सिद्ध केले आहे.

अशोकवनाचे स्थान येथे लक्षात घेतले पाहिजे. राजवाडा म्हणजे कर्तव्य, अरण्य म्हणजे तपश्चर्या; अशोकवन या दोहोंमध्ये आहे. ते नगरापासून इतके दूर नाही की राज्यसुखे तेथे पोहोचू नयेत, आणि इतके जवळही नाही की प्रजेची गाऱ्हाणी तेथे ऐकू यावीत. पुरू लहानाचा मोठा होईपर्यंतचा दीर्घ काळ ययाति राज्यकारभाराकडे पाठ फिरवून अशा जागी काढतो. नगराचे सर्व लाभ घ्यायचे आणि नगराचे कोणतेही दायित्व घ्यायचे नाही, ही अशोकवनाची रीत होय. ‘उपनगर’ हा शब्द केवळ भौगोलिक न मानता मनोवृत्तीचा वाचक मानला, तर मराठी कादंबरीतील ते एक ठळक उपनगर ठरेल.

शर्मिष्ठेची निवेदने याच्या नेमकी उलट बाजू दाखवितात. राजकन्या असून दासी झालेली, पुढे तान्ह्या पुरूला घेऊन परागंदा झालेली ही स्त्री ययातीइतकीच भयाच्या छायेत जगते. परंतु तिचे भय स्वतःसाठी नसून मुलासाठी आहे. समृद्धीत माणूस दुःखी आणि दारिद्र्यात सुखी, असे भाबडे समीकरण कादंबरी येथे मांडत नाही. शर्मिष्ठा सुखी नाही. ती रिकामी मात्र नाही. हा फरक अध्यापकाने नीट समजावून दिला पाहिजे. अन्यथा कादंबरी दारिद्र्याचा गौरव करते, असा विपरीत ग्रह व्हावयाचा.

४

आता कथेच्या मर्मस्थानाकडे वळू. शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला वार्धक्य येते आणि कोणी आपले तारुण्य दिले तरच त्याला ते परत मिळणार असते. महाभारताच्या आदिपर्वात यदु, तुर्वसु, द्रुह्यु आणि अनु हे चार पुत्र नकार देतात आणि शापास पात्र होतात. धाकटा पूरु होकार देतो व राज्यास पात्र ठरतो. तेथे हजार वर्षे भोग घेऊन झाल्यावर ययातीला उपरती होते. मूळ कथेत हा व्यवहार पूर्णत्वास जातो. देणाऱ्याला मोबदला मिळतो, घेणाऱ्याला ज्ञान मिळते.

खांडेकरांनी हा हजार वर्षांचा कालावधी काढून टाकला. ज्याला त्याने वाढविले नाही, ज्याची वर्षानुवर्षे विचारपूस केली नाही, तो मुलगा एकाएकी आपल्यासमोर जराजर्जर उभा असलेला पाहताच ययाति हादरतो आणि ते तारुण्य उपभोगण्यापूर्वीच परत देण्यास सिद्ध होतो. काही वाचकांना ही उपरती फार घाईची वाटते. जन्मभर न सुधारलेला माणूस काही क्षणांत कसा बदलेल, अशी शंका घेतली जाते. शंका रास्त आहे. तथापि वर सांगितलेल्या रचनेच्या संदर्भात पाहिले म्हणजे या क्षणाचे प्रयोजन ध्यानात येते. संपूर्ण कादंबरीत ययातीने दुसऱ्या माणसाकडे खऱ्या अर्थाने कधी पाहिलेलेच नाही. स्वतःच्या सुखाची किंमत दुसऱ्याच्या देहावर उमटलेली तो प्रथमच, आणि टाळता येणार नाही इतक्या जवळून, पाहतो. उपदेशाने जे साधले नाही ते या दर्शनाने साधते.

अमेरिकन कादंबरीशी तुलना येथे उपकारक ठरते. सिंक्लेअर लुईसच्या ‘बॅबिट’ (१९२२) या कादंबरीचा नायक सेहेचाळीस वर्षांचा, घरजमिनींच्या खरेदी-विक्रीत यशस्वी झालेला गृहस्थ आहे. बंडाचा अल्पसा प्रयत्न करून तो पुन्हा जुन्या चाकोरीत शिरतो. मात्र शेवटी मुलाने शिक्षण सोडून स्वतःच्या मर्जीने लग्न केल्यावर तो मुलाच्या बाजूने उभा राहतो आणि आपण जन्मात मनासारखे काही केले नाही, याची त्याच्यापाशी कबुली देतो. जॉन अपडाइकच्या ‘रॅबिट इज रिच’ (१९८१) मध्येही नायक सेहेचाळीसच वर्षांचा आहे. सासऱ्याकडून आलेल्या मोटारविक्रीच्या धंद्यावर तो सुखवस्तू झाला आहे आणि धंद्यात मुलाला जागा करून देण्याची त्याची तयारी नाही. अखेरीस नात मांडीवर येते तेव्हा तिच्यात त्याला आपला आनंदही दिसतो आणि आपला मृत्यूही दिसतो. दोन्ही कादंबऱ्यांत मध्यवयीन असंतोषाचा निवाडा अखेर मुलाच्या बाबतीतल्या वर्तनाने होतो. बॅबिट मुलाला त्याचे तारुण्य वापरू देतो. रॅबिट त्या तारुण्याशी स्पर्धा करतो. ययाति ते मागून घेतो. पुराणकथेने जे उघडपणे सांगितले तेच वास्तववादी कादंबरी आडवळणाने सांगते. सुस्थित मध्यवयाच्या अस्वस्थतेची किंमत बहुधा पुढची पिढी मोजते.

गिरीश कार्नाड यांचे ‘ययाति’ (१९६१) हे कन्नड नाटक खांडेकरांच्या कादंबरीनंतर दोनच वर्षांनी आले. त्यावेळी कार्नाड तेविशीच्या आसपास होते. एकसष्टीच्या लेखकाने ही कथा बापाच्या तोंडून सांगितली आणि विशीतील लेखकाने तिच्याकडे मुलाच्या बाजूने पाहिले, हा योगायोग उद्बोधक आहे. कार्नाडांच्या नाटकात पुरूची पत्नी चित्रलेखा अकाली म्हातारा झालेला पती पाहून आत्मघात करते. म्हणजे तारुण्य परत देता आले तरी सर्व काही परत येत नाही, असे ते नाटक बजावते. खांडेकरांच्या कादंबरीत कचाच्या साहाय्याने पुरूला तारुण्य परत मिळते, त्याला राज्य मिळते आणि ययाति देवयानी-शर्मिष्ठेसह वनात जातो. झालेली हानी येथे भरून निघते. ‘ययाति’ची मर्यादा शोधावयाची तर ती अलंकारप्रचुर शैलीत किंवा सुभाषितवजा वाक्यांत शोधण्यापेक्षा येथे शोधावी. कादंबरीने किंमत दाखविली, पण वसूल होऊ दिली नाही.

५

या कादंबरीचे पहिले वाचक कोण होते, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूज येथे कचेरीवर निघालेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. सातारा जिल्ह्यातील प्रतिसरकारची चळवळ त्यानंतरची. त्या दिवसांत जे विशी-पंचविशीत होते, ते १९५९ मध्ये चाळिशीच्या घरात आले होते. त्यांच्यातील काहींना पदे, जमिनी, संस्था लाभल्या होत्या. बहुतेकांना काही लाभले नव्हते. ज्यांनी तारुण्य एका ध्येयासाठी दिले, त्यांच्या मध्यवयात त्या ध्येयाचे काय झाले, ही खंत त्या काळच्या हवेत होती. खांडेकरांचे समकालीनांविषयीचे विवेचन या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे त्यातील उपदेशाचा सूर केवळ शिक्षकी राहत नाही. त्यात एका पिढीचा आत्मपरीक्षणाचा सूर मिसळलेला ऐकू येतो.

आजच्या विद्यार्थ्यांपुढे मात्र निराळा संदर्भ आहे. येरळेकाठचे वडूज हे खटाव तालुक्याचे ठाणे. खटाव आणि शेजारचा माण हे तालुके पर्जन्यछायेतले; पाण्यासाठी वाट पाहणारे. येथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी बाहेर गेली. काही मुंबईच्या कापडगिरण्यांत गेली आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्यांतील अनेकांना मोकळ्या हातांनी गावी परतावे लागले. काही सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यात शिरली. खानापूर, आटपाडी, तासगाव, खटाव, माण या तालुक्यांतील गलाई बांधव भारतभरच्या शहरांत पसरले आहेत. मुलगा मिसरूड फुटण्याच्या वयात एखाद्या नातेवाइकाच्या दुकानी जातो. भट्टीची धग आणि तेजाबाचा धूर सोशीत धंदा शिकतो. यात्रेला, लग्नकार्याला गावी येतो. मग कोरडवाहू शिवाराच्या कडेला एक दुमजली घर उभे राहते. वर्षातील बहुतेक दिवस ते बंद असते.

अशा घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांना ‘ययाति’ शिकविताना भोग आणि संयम यांची चर्चा त्यांच्यापर्यंत विशेष पोहोचत नाही, असा माझा अनुभव आहे. पुरूचा प्रसंग आला की वर्ग शांत होतो. एका विद्यार्थ्याने विचारले होते, “पुरू आपणहून पुढं आला हे खरं, सर, पण त्याला नाही म्हणता आलं असतं का?” या प्रश्नाला परीक्षेच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे: यदूने नकार दिला, म्हणजे नकार शक्य होता. पण प्रश्न विचारणाऱ्याला हे उत्तर पुरणार नव्हते, हे मलाही दिसत होते. वारसाहक्क असलेला मुलगा नकार देऊ शकतो. ज्याला आपले पुत्रपणच सिद्ध करावयाचे आहे, त्याचा होकार कितपत मोकळा असतो? कादंबरीत पुरू हा अज्ञातवासात वाढलेला, बापाने न ओळखलेला मुलगा आहे. त्याच्या त्यागाला ही कड आहे आणि आपण अध्यापक ‘आदर्श पुत्र’ असा शेरा मारून ती कड बोथट करून टाकतो.

याचा अर्थ या भागातील बाप ययाति आहेत, असा मुळीच नव्हे. मुलाला दूर धाडणारा बाप स्वतःच्या भोगासाठी त्याला धाडीत नाही. पाऊस धाडतो, कर्ज धाडते. शिवाय तो बापही कधीकाळी असाच धाडला गेलेला असतो. येथेच अलकेच्या सोनेरी केसाची आठवण ठेवली पाहिजे. ययाति हा जन्मतः घेणारा नाही. आधी त्याच्याकडून काढून घेतले गेले. मग तो मागणारा झाला. पंधराव्या वर्षी गाव सोडलेला मुलगा पंचेचाळिसाव्या वर्षी भरल्या दुकानात बसून कशाने तरी बेचैन असतो, आणि आपल्या मुलाने शिक्षण सोडून दुकान धरावे असा आग्रह धरतो, तेव्हा पुरूचाच ययाति झालेला असतो. त्याची बेचैनी खोटी नसते. तिला नाव नसते, एवढेच. ‘वासना’ हे तिचे नाव नव्हे. न जगलेल्या तारुण्याचा तो तगादा असतो.

६

सारांश, ‘ययाति’ ही उपभोगाविरुद्ध दिलेला इशारा म्हणून वाचली तर ती १९५९ च्या एका नैतिक चिंतेचा दस्तऐवज ठरते. समृद्धीतील मध्यवयाची कादंबरी म्हणून वाचली तर ती पिढ्यांमधील देण्याघेण्याची कादंबरी ठरते. दुसरे वाचन लेखकाच्या विवेचनात नाही; परंतु त्याने निर्मिलेल्या प्रसंगांत आहे. नहुषाच्या मृत्युशय्येपासून अलकेच्या विषापर्यंत आणि तेथून पुरूच्या अकाली वार्धक्यापर्यंत एक अखंड धागा त्यात ओवलेला आहे. लेखकाच्या हेतूपेक्षा त्याची कृती मोठी असू शकते, हे आपण सिद्धान्त म्हणून शिकवितो. येथे ते उदाहरणाने दाखविता येते.

पुढील अभ्यासासाठी एक दिशा सुचवावीशी वाटते. कादंबरी पुरूला सिंहासनावर बसवून थांबते. पुरूच्या मध्यवयाविषयी ती बोलत नाही. क्षणभर का होईना, म्हातारपण भोगून आलेला हा तरुण राजा चाळिशीत कसा झाला असेल, त्याने आपल्या मुलाकडे काय मागितले असेल, किंवा काय मागावयाचे टाळले असेल? स्वातंत्र्योत्तर मराठी कादंबरीतील सुस्थित, मध्यवयीन पात्रांचा शोध या प्रश्नाच्या अनुरोधाने घेतला, तर सुरुवातीस उल्लेखिलेली, मराठीत असा विषयच नाही ही समजूत तपासून पाहता येईल. कचाचे साहाय्य कथेतल्या पुरूला मिळाले. ज्या वर्गात आपण हे पुस्तक शिकवितो तेथे गेलेली वर्षे परत देण्याची सोय नाही. तेव्हा निदान त्या वर्षांचा हिशेब वाचता यावा, इतपत तरी वाचन आपण विद्यार्थ्यांच्या हाती दिले पाहिजे.